चिनी ख्रिस्ती समाज आणि सांस्कृतिक अस्मिता : चार ग्रंथांच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

‘एक ख्रिस्ती वाढला की एक चिनी कमी झाला’ या आशयाची घोषणा १९२० च्या दशकात चीनमधील विद्यार्थी-चळवळीत रूढ झाली. एप्रिल १९२२ मध्ये जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघाची परिषद बीजिंग येथील छिंगहुआ महाविद्यालयात भरली. तिच्या निषेधार्थ शांघाय व बीजिंग येथे विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी ख्रिस्तीधर्मविरोधी संघटना उभारल्या. या रोषाला इतिहासाचे कारण होते. अफूच्या युद्धांनंतर झालेला १८४२ चा नानजिंग तह, १८५८ चा त्यानजिन तह आणि १८६० चा बीजिंग करार यांनी परकीय व्यापाऱ्यांबरोबर परकीय धर्मप्रसारकांचाही मार्ग मोकळा केला. तोफांच्या छायेत आलेला धर्म स्वीकारणारा माणूस परक्यांच्या पक्षाला मिळाला, असे त्या पिढीला वाटणे स्वाभाविक होते.

तथापि या रोषाची कारणे समजून घेणे वेगळे आणि घोषणेतील गणित मान्य करणे वेगळे. ही घोषणा अस्मितेला वजाबाकीचे उदाहरण समजते. ‘चिनीपण’ नावाची एक निश्चित, मोजता येणारी वस्तू आहे आणि ख्रिस्ती श्रद्धेचा जितका अंश तिच्यात शिरेल तितका तिचा मूळ अंश बाहेर पडेल, असे तिचे गृहीतक आहे. विशेष म्हणजे या घोषणेला विरोध करणाऱ्या अनेक अभ्यासकांनीही हेच गृहीतक स्वीकारले आहे. ते वजाबाकीच्या जागी बेरीज मांडतात, एवढाच फरक.

प्रस्तुत लेखात या विषयावरील चार महत्त्वाच्या ग्रंथांची चिकित्सा करावयाची आहे. झाक झेर्ने यांचा ‘चायना अँड द ख्रिश्चन इम्पॅक्ट’ (मूळ फ्रेंच १९८२, इंग्रजी अनुवाद १९८५), फेंगगांग यांग यांचा ‘चायनीज ख्रिश्चन्स इन अमेरिका’ (१९९९), लियान शी यांचा ‘रिडीम्ड बाय फायर’ (२०१०) आणि हेन्रिएटा हॅरिसन यांचा ‘द मिशनरीज कर्स’ (२०१३) हे ते ग्रंथ होत. आपल्याकडील महाविद्यालयांत चीनचा विचार बहुधा सीमाप्रश्न, साम्यवाद आणि अर्थकारण या तीन चौकटींत होतो. धर्म आणि अस्मिता यांची चौकट त्या मानाने दुर्लक्षित आहे. या लेखाचे प्रतिपादन असे की, ‘चिनी ख्रिस्ती माणूस किती चिनी आहे?’ हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण आधी स्वतःच्या सोयीचे एक चिनीपण निवडतो, आणि ते बहुतेक वेळा सुशिक्षित अधिकारी वर्गाचे असते. म्हणून ‘किती चिनी?’ या प्रश्नापूर्वी ‘हे कोण ठरवतो?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

२. पार्श्वभूमी : विधींचा वाद

या प्रश्नाचा उगम समजण्यासाठी जेझुइट धर्मगुरू माटेओ रिची यांच्याकडे वळावे लागते. मराठी वाचकाला रिची वाटतात तितके दूरचे नाहीत. ते १५७८ मध्ये गोव्यास आले, १५८० मध्ये कोची येथे त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि १५८२ मध्ये ते मकावला गेले. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. म्हणजे मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तकथा रचणारा आणि चिनी भाषेत ख्रिस्ती तत्त्वविचार मांडणारा, हे दोघेही एकाच काळात एकाच संस्थेच्या गोव्यातील छायेखाली वावरले.

दोघांच्या परिस्थितीत मात्र मूलभूत अंतर होते. गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती. तेथील धर्मांतराबरोबर आडनावे बदलली, पेहराव बदलला आणि १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयने कोकणीच्या वापरावरच बंदी घालणारा हुकूम काढला. रिची यांच्यामागे चीनमध्ये एकही शिपाई नव्हता. ते यजमानाच्या मर्जीवर राहणारे पाहुणे होते. प्रारंभी त्यांनी बौद्ध भिक्षूंचा वेष घेतला. १५९५ मध्ये तो टाकून त्यांनी कन्फ्यूशियन विद्वानाचा वेष धारण केला. हा निर्णय फार दूरगामी ठरला. ज्या चीनशी ख्रिस्ती धर्माने जुळवून घ्यावयाचे, तो चीन म्हणजे राजकीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांचा चीन, असे त्या वेषांतराने ठरून गेले. १६०३ मधील ‘त्यान्झू शियी’ या त्यांच्या ग्रंथात प्राचीन कन्फ्यूशियन ग्रंथांचा आधार घेतला आहे आणि बौद्ध मतांचे खंडन केले आहे. त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतलेले शू ग्वांगची हे पुढे मिंग दरबारात मोठ्या पदाला पोहोचले. त्यांनी रिचींच्या साहाय्याने युक्लिडच्या भूमितीच्या पहिल्या सहा पुस्तकांचा चिनी अनुवाद १६०७ मध्ये सिद्ध केला.

पुढे पूर्वजपूजनाचा प्रश्न उभा राहिला. घरात पूर्वजांच्या नावाची पाटी असावी, तिच्यापुढे धूप जाळावा, अन्न ठेवावे, नमन करावे, हा चिनी कुटुंबाचा आचार. जेझुइटांच्या मते हा केवळ कृतज्ञतेचा लौकिक शिष्टाचार होता. फूज्यान प्रांतात काम करणाऱ्या डोमिनिकन धर्मगुरूंना त्यात मृतात्म्यांची आराधना दिसली. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. जेझुइटांना माहिती देणारे विद्वान होते आणि डोमिनिकनांना माहिती देणारी साधी गावकरी माणसे होती. पाटीपुढे उभा राहिलेला विद्वान कर्तव्य करीत होता आणि शेतकरी बहुधा आशीर्वाद मागत होता. एकाच विधीचे दोन अर्थ एकाच देशात नांदत होते.

निर्णय मात्र एकाच अर्थाच्या बाजूने लावण्यात आला. १७०० मध्ये कांग्शी सम्राटाने जेझुइटांच्या विनंतीवरून हे विधी लौकिक असल्याची ग्वाही दिली. १७०४ मध्ये पोप अकरावे क्लेमेंट यांनी ते निषिद्ध ठरवले आणि १७१५ मध्ये ती बंदी अधिक कडक केली. रिचींच्या पद्धतीने चालण्याचे मान्य करणाऱ्या धर्मप्रसारकांनाच सम्राटाने १७०६ पासून परवाने देऊ केले. १७२४ मध्ये योंगझेंग सम्राटाने ख्रिस्ती धर्मावरच बंदी घातली. १७४२ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी विधींवरील बंदी कायम केली, आणि १९३९ मध्ये, म्हणजे पहिल्या निर्णयानंतर २३५ वर्षांनी, पोप बारावे पायस यांच्या काळात ती उठवली गेली. या दीर्घ वादात पोप बोलले, सम्राट बोलले, विद्वान बोलले. रोज पाटीपुढे दिवा लावणारी स्त्री काय समजून तो लावत होती, हे कोणी विचारल्याचे दिसत नाही.

३. झाक झेर्ने : भाषेची भिंत

झेर्ने यांचा ग्रंथ या विषयाला तात्त्विक उंची देणारा आहे. ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी चीनविषयी काय लिहिले यापेक्षा चिनी विद्वानांनी ख्रिस्ती धर्माविषयी काय लिहिले, याकडे त्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. सतराव्या शतकातील ख्रिस्तीधर्मविरोधी चिनी लेखनाचे त्यांनी केलेले वाचन आजही मार्गदर्शक आहे. सृष्टीबाहेर उभा असलेला कर्ता, देहापासून सर्वस्वी वेगळा आत्मा, काळाच्या पलीकडील शाश्वत सत्य या कल्पना चिनी वाचकाला का पटेनात, हे ते बारकाईने दाखवतात. त्यांच्या मते या कल्पनांचा संबंध इंडो-युरोपीय भाषांच्या रचनेशी आहे. ‘असणे’ या क्रियापदाभोवती ज्या भाषांचे तत्त्वज्ञान वाढले, त्यांच्यातून निघालेला धर्म चिनी भाषेच्या घडणीत बसत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख आहे.

हा युक्तिवाद आकर्षक असला तरी त्यावर तीन आक्षेप घेता येतात. पहिला आक्षेप भारतीय अभ्यासकाला सहज सुचावा असा आहे. बौद्ध धर्मही इंडो-युरोपीय भाषांतूनच चीनमध्ये गेला. संस्कृतमधील ‘ध्यान’ तेथे ‘छान’ झाले, ‘निर्वाण’ ‘न्येफान’ झाले. कुमारजीव आणि आपल्याकडे ह्यूएनत्संग या नावाने परिचित असलेले श्वान-झांग यांच्या अनुवादांनी चिनी भाषेचीच घडण बदलली. त्या धर्मावरही परकेपणाचा आरोप झाला होता. हान यू यांनी ८१९ मध्ये बुद्धाच्या अस्थींच्या पूजेविरुद्ध सम्राटाला निवेदन दिले. ८४५ मध्ये मठ मोडण्यात आले आणि त्याच तडाख्यात सातव्या शतकापासून चीनमध्ये असलेली सीरियन परंपरेची ख्रिस्ती मंडळीही सापडली. एवढे होऊनही आज बौद्ध धर्माला अचिनी म्हणणे कोणाला सुचत नाही. भाषेची भिंत एका धर्मासाठी ओलांडण्याजोगी आणि दुसऱ्यासाठी अलंघ्य असेल, तर अडथळा व्याकरणात नसून इतरत्र शोधावा लागेल.

दुसरा आक्षेप साधनांविषयी आहे. झेर्ने यांचे साक्षीदार मुख्यतः ख्रिस्ती धर्माचे विरोधक आणि बहुतांशी विद्वान आहेत. शू ग्वांगची हेही त्याच भाषेत विचार करीत होते आणि त्यांना त्या भाषेत ख्रिस्ती होता आले. या साक्षीचे मोल झेर्ने कमी लेखतात. चिनी विद्वानाने ख्रिस्ती कल्पना नाकारली की ते चिनी मनाचे लक्षण ठरते आणि स्वीकारली की तो त्याचा गैरसमज ठरतो. अशा युक्तिवादाला कोणताही पुरावा खोडून काढू शकत नाही आणि हीच त्याची दुर्बलता आहे.

तिसरा आक्षेप ईश्वरवाचक शब्दासंबंधी आहे. परमेश्वराला चिनी भाषेत काय म्हणावे, हा वाद खरोखर दीर्घकाळ चालला. कॅथलिकांनी ‘त्यान्झू’, म्हणजे स्वर्गाचा स्वामी, हा शब्द स्थिर केला. प्रोटेस्टंटांमध्ये ‘शांगदी’ आणि ‘शेन’ असे दोन पक्ष पडले आणि १९१९ च्या युनियन आवृत्तीचे बायबल दोन्ही शब्दांनिशी स्वतंत्रपणे छापले गेले. याचा परिणाम असा की, चिनी भाषेत कॅथलिक धर्म आणि प्रोटेस्टंट धर्म यांची नावेच वेगळी आहेत आणि राज्यव्यवस्था त्यांना दोन निराळे धर्म मानते. पण याला भाषेची असमर्थता कसे म्हणावे? आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी ‘वैकुंठ’ हा वैष्णवांचा शब्द ख्रिस्ती स्वर्गासाठी योजला. मराठी इंडो-युरोपीय असूनही तेथे शब्दाचा प्रश्न होताच. प्रत्येक अनुवादात जुन्या शब्दाला नवा अर्थ पेलावा लागतो. तो पेलला की नाही, हे व्याकरण सांगत नाही. तो शब्द वापरणारी मंडळी सांगते.

४. फेंगगांग यांग : जोडलेल्या अस्मिता

यांग यांचा ग्रंथ समाजशास्त्रीय आहे. वॉशिंग्टन परिसरातील एका चिनी प्रोटेस्टंट मंडळीचे त्यांनी दीर्घ निरीक्षण केले. स्थलांतरित चिनी माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे तो अमेरिकन समाजात विरघळला, हा रूढ समज त्यांनी मोडून काढला. त्यांच्या मते असा माणूस ख्रिस्ती, अमेरिकन आणि चिनी या तीन अस्मिता एकमेकींना जोडून वागवतो. चर्च हीच चिनी भाषा शिकण्याची, चिनी सण साजरे करण्याची आणि मुलांना कुटुंबधर्म शिकवण्याची जागा बनते. घोषणेतील वजाबाकीला एवढे सप्रमाण उत्तर यापूर्वी क्वचितच कोणी दिले असेल. या ग्रंथाचे हे श्रेय निर्विवाद आहे.

मात्र यांग ज्या अस्मितेची बेरीज दाखवतात, तिचे घटक तपासले पाहिजेत. त्यांच्या निरीक्षणातील मंडळी कन्फ्यूशियन नीतिमूल्यांचा गौरव करते आणि बौद्ध व ताओ परंपरांना धर्मविरोधी समजून दूर ठेवते. मातृपितृभक्ती, विद्येची आस, काटकसर हे चिनीपण म्हणून जपले जाते. भूमिदेवतेपुढील धूप, स्वयंपाकघरातील देवता, मृतांसाठी जाळलेले कागदी धन हे गळून पडते. चारशे वर्षांपूर्वी रिचींनी भिक्षूचा वेष टाकून विद्वानाचा वेष घेतला, तेव्हाची निवड अमेरिकेच्या उपनगरात पुन्हा झालेली दिसते. यांग यांचे निरीक्षण अचूक आहे, पण या निवडीला ते चिनी अस्मितेचे जतन म्हणतात तेव्हा थांबून विचारावेसे वाटते : कोणत्या चिनी माणसाच्या अस्मितेचे? त्यांच्या मंडळीतील पुष्कळ सदस्य उच्चशिक्षित व्यावसायिक होते. विद्वानाचा चीन त्यांना आपला वाटावा, हे साहजिक आहे. हा एका वर्गाचा अनुभव आहे, हे सांगावयास हवे होते.

आग्नेय आशियाशी तुलना केली असती तर हा मुद्दा अधिक स्पष्ट झाला असता. इंडोनेशियात सुहार्तो यांच्या राजवटीत १९६७ पासून चिनी धर्म व रूढी यांच्या सार्वजनिक आविष्कारावर निर्बंध आले. पुढे कन्फ्यूशियन धर्माची अधिकृत मान्यताही गेली. प्रत्येक नागरिकाने एखादा मान्य धर्म नोंदवावा अशी अपेक्षा असताना अनेक चिनी कुटुंबे ख्रिस्ती झाली आणि चर्च हे चिनी माणसांनी एकत्र येण्याचे एक सुरक्षित स्थान ठरले. सिंगापूरमध्ये २०२० च्या जनगणनेनुसार निवासी लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सुमारे १९ टक्के होते आणि चिनी वंशाच्या रहिवाशांत ते याहून थोडे अधिक होते. तेथे ख्रिस्ती असणे हे बहुधा इंग्रजी शिक्षणाशी आणि मध्यमवर्गाशी जोडलेले आहे. बीजिंगमध्ये जो धर्म १९२२ साली परकेपणाची खूण होता, तोच जकार्तात चिनी म्हणून टिकून राहण्याचा आधार झाला. अस्मितेचा अर्थ धर्माच्या आशयावर जितका, तितकाच सत्तेच्या रचनेवर अवलंबून असतो, हा यातून निघणारा धडा आहे.

५. लियान शी : गावकुसातील ख्रिस्त

लियान शी यांनी विद्वानांकडून सामान्यांकडे मोहरा वळवला. १९१७ मध्ये बीजिंगमध्ये सुरू झालेली ‘सत्य येशू मंडळी’, शानडोंगमधील सामूहिक मालमत्तेवर चालणारे ‘येशू कुटुंब’, वांग मिंगदाव आणि वॉचमन नी यांसारखे स्वतंत्र उपदेशक यांचा इतिहास त्यांनी सांगितला आहे. या मंडळींना परदेशी पैसा नको होता आणि परदेशी धर्मगुरूही नको होते. त्यांच्यात रोगमुक्तीच्या प्रार्थना होत्या, दृष्टान्त होते, जगाच्या अंताची उत्कट अपेक्षा होती. लोकधर्माशी परिचित असलेल्या खेडुताला हे सारे ओळखीचे वाटले. सांस्कृतिक क्रांतीनंतर १९८० च्या दशकापासून हेनान आणि इतर ग्रामीण प्रांतांत ख्रिस्ती धर्म झपाट्याने पसरला, त्याची मुळे येथे आहेत, हे त्यांचे प्रतिपादन पटण्यासारखे आहे.

येथे एक विरोधाभास लक्षात येतो. संघटना, पैसा, नेतृत्व आणि भावविश्व या सर्व दृष्टींनी सर्वांत स्वदेशी म्हणावी अशी ही मंडळी. तिलाच सुशिक्षितांनी अंधश्रद्ध म्हटले आणि राज्यसंस्थेने संशयित ठरवले. १९५० च्या दशकात ‘येशू कुटुंब’ मोडण्यात आले आणि १९५५ मध्ये वांग मिंगदाव यांना अटक झाली. उलट, ‘स्वशासन, स्वावलंबन, स्वप्रसार’ या त्रिसूत्रीवर १९५४ मध्ये उभारलेली अधिकृत ‘त्रिस्व’ चळवळ स्वदेशीपणाची कसोटी ठरली. ही त्रिसूत्री मुळात परदेशी धर्मप्रसारकांचीच होती. इंग्लंडमधील हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांनी ती एकोणिसाव्या शतकात मांडली. मुंबई व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे काम करणारे अमेरिकन मराठी मिशन याच बोर्डाचे. अँडरसन १८५४-५५ मध्ये त्याच्या पाहणीसाठी भारतात आले होते. म्हणजे उगमाने परदेशी असलेली कल्पना अधिकृतपणे चिनी ठरली आणि गावच्या मातीत उगवलेली भक्ती अचिनी ठरली.

लियान शी यांच्या विवेचनात एक उणीव जाणवते. ग्रामीण ख्रिस्ती धर्माला ते पंथीय बंडांच्या जुन्या परंपरेत बसवतात. श्वेतकमल पंथ, तायपिंग उठाव आणि आधुनिक प्रार्थनामंडळी यांची एक साखळी त्यातून तयार होते. साखळी संपूर्ण खोटी नाही, पण तिच्यामुळे श्रद्धावान खेडूत हा स्वतः विचार करणारा माणूस न राहता जुन्या प्रवृत्तीचा वाहक होऊन बसतो. आजारी मुलासाठी प्रार्थना करणाऱ्या आईला जगबुडीच्या तत्त्वज्ञानाशी फारसे कर्तव्य नसते. विद्वानांनी तिला अडाणी ठरवले होते. येथे ती इतिहासाची मूक सामग्री होते. दोन्हीकडे तिचा आवाज ऐकू येत नाही.

६. हेन्रिएटा हॅरिसन : गावाच्या कथा

तो आवाज काही प्रमाणात हॅरिसन यांच्या ग्रंथात ऐकू येतो. शानशी प्रांतातील एका कॅथलिक गावाचा सुमारे तीनशे वर्षांचा इतिहास त्यांनी गावकऱ्यांच्या तोंडच्या कथा आणि चर्चचे दप्तर एकमेकांसमोर ठेवून लिहिला आहे. परदेशी धर्मगुरूने गावाला शाप दिल्याची कथा ग्रंथाच्या नावात आली आहे.

हॅरिसन यांचा मुख्य निष्कर्ष रूढ समजाला धक्का देणारा आहे. परका धर्म हळूहळू स्थानिक होत जातो, असे आपण गृहीत धरतो. या गावात उलट घडले. आरंभीच्या काळात उपवास, सामूहिक पठण, पावसासाठी प्रार्थना अशा आचारांत कॅथलिक आणि त्यांचे शेजारी यांच्यात बरेच साम्य होते. कालांतराने दळणवळण वाढले, युरोपीय धर्मगुरूंची संख्या वाढली आणि गावातील श्रद्धाळू रोमच्या रीतीशी अधिक एकरूप होत गेले. हे केवळ परकीयांच्या दडपणामुळे झाले नाही. नेपल्स येथील चिनी धर्मगुरूंच्या विद्यालयात शिकून परतलेल्यांना लॅटिन येत होते, चर्चचे नियम माहीत होते. युरोपीय धर्मप्रसारकांच्या उद्दाम वागणुकीविरुद्ध रोमकडे दाद मागण्याचे धैर्य त्यांना त्या ज्ञानानेच दिले. वैश्विक चर्चचे नियम हे त्यांच्यासाठी स्वाभिमानाचे साधन झाले.

हा मुद्दा फार मोलाचा आहे. ‘वैश्विक’ म्हणजे परके आणि ‘स्थानिक’ म्हणजे आपले, ही वाटणी अभ्यासकाच्या टेबलावर सोपी असते. परदेशी वरिष्ठाकडून अपमानित होणाऱ्या चिनी धर्मगुरूला मात्र ‘तुम्ही तुमच्या स्थानिक रीतीने राहा’ हा सल्ला दुय्यमत्वाचा शिक्का वाटू शकतो. जुळवून घेण्याचे धोरण नेहमीच उदार असते, असे समजण्याचे कारण नाही.

हॅरिसन यांच्या पद्धतीची मर्यादा म्हणजे एका गावावरून देशाविषयी बोलता येत नाही. हे गाव पिढीजात कॅथलिक आहे आणि तेथे धर्म वारशाने येतो. नव्याने धर्मांतर करणाऱ्या वेनझोउच्या व्यापाऱ्याचा किंवा बीजिंगमधील प्राध्यापकाचा अनुभव निराळा असणार. तरीही चारही ग्रंथांत गावकऱ्यांना आपली गोष्ट सांगण्याची सर्वाधिक मुभा येथे मिळते. मराठी वाचकाला या ठिकाणी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची आठवण व्हावी. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या धर्मांतराचे तात्त्विक समर्थन आपणास त्यांच्या लेखनात मिळेल, पण धर्म बदलल्यावर सोवळे कसे सुटते, कोणाच्या हातचे पाणी घशाखाली कधी उतरते, हे लक्ष्मीबाईंच्या आत्मकथनातूनच कळते. अस्मितेचे अनेक निर्णय चुलीपाशी होतात. शू ग्वांगची यांची नात कँडिडा शू हिने सतराव्या शतकात चर्च आणि धर्मगुरू यांना उदार आश्रय दिला. १७२४ च्या बंदीनंतर फूज्यानच्या खेड्यांत श्रद्धा टिकवून धरणाऱ्यांत आजन्म अविवाहित राहिलेल्या व्रतस्थ स्त्रियाही होत्या. चिनी ख्रिस्ती अस्मितेचा हा अर्धा इतिहास अद्याप पुरेसा लिहिला गेलेला नाही.

७. ‘चिनीकरण’ आणि संख्येचा प्रश्न

या चिकित्सेला केवळ ग्रंथालयीन महत्त्व नाही. मे २०१५ मध्ये शी जिनपिंग यांनी धर्मांच्या ‘चिनीकरणा’ची दिशा जाहीर केली. २०१४ ते २०१६ या काळात झेज्यांग प्रांतात हजाराहून अधिक चर्चवरील क्रूस उतरवण्यात आले. धर्मविषयक सुधारित नियमावली १ फेब्रुवारी २०१८ पासून अमलात आली. सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॅटिकन आणि चीन यांच्यात बिशपांच्या नियुक्तीविषयी तात्पुरता करार झाला आणि २०२०, २०२२ व २०२४ मध्ये त्याची मुदत वाढवण्यात आली.

‘चिनीकरण’ हा शब्द ऐकायला रिचींच्या धोरणासारखा वाटतो. पण क्रूस उतरवल्याने चर्च अधिक चिनी कसे होते, याचे उत्तर संस्कृतीच्या परिभाषेत देता येत नाही. येथे चिनीपणाचा अर्थ राज्यसंस्थेला मान्य असणे इतकाच उरतो. कांग्शी सम्राटाचा परवाना आणि आजची नोंदणी यांच्यातील साम्य नजरेआड करता येणार नाही.

संख्येच्या वादातही हाच प्रश्न दडलेला आहे. चीन सरकारच्या २०१८ च्या श्वेतपत्रिकेत ३ कोटी ८० लाख प्रोटेस्टंट आणि सुमारे ६० लाख कॅथलिक असल्याचे नमूद आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१० साठी सर्व ख्रिस्ती मिळून ६ कोटी ७० लाखांचा अंदाज केला होता. त्याच केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात चीनमधील २०१८ च्या सर्वेक्षणाच्या आधारे स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रौढ सुमारे २ टक्के, म्हणजे अंदाजे २ कोटी, असल्याचे दाखवले. ही तफावत सर्वस्वी भीतीने किंवा लपवाछपवीने निर्माण झालेली नाही. चिनी भाषेत ‘तुम्ही कोणता धर्म मानता?’ असे विचारले की संघटित पंथाचे सदस्यत्व विचारल्यासारखे वाटते. घरी प्रार्थना करणारी, पण कोठेही नाव न नोंदवलेली व्यक्ती काय उत्तर देणार? गणना करणारा ज्या शब्दांत विचारतो, त्या शब्दांतच अस्मितेची व्याख्या झालेली असते.

८. समारोप

चार ग्रंथांच्या या चिकित्सेतून पुढील निष्कर्ष संभवतात. झेर्ने यांनी चिनीपण भाषेत शोधले आणि विद्वानांच्या नकाराला संपूर्ण संस्कृतीचा नकार मानले. यांग यांनी बेरीज सिद्ध केली, पण जोडले जाणारे चिनीपण एका वर्गाचे आहे हे पुरेसे उघड केले नाही. लियान शी यांनी वर्ग बदलला, तरी श्रद्धाळूंना परंपरेच्या प्रवाहात विरघळू दिले. हॅरिसन यांनी गावाला बोलू दिले आणि परके व आपले यांच्यातील रेषा गावकरी स्वतः कशी हलवतात हे दाखवले. पुढील अभ्यासाची दिशा या शेवटच्या प्रयत्नात आहे, असे मला वाटते.

आपल्याकडेही ‘ख्रिस्तपुराणा’चे किंवा टिळकांच्या कीर्तनांचे कौतुक करताना आपण ‘भारतीयीकरण’ हा शब्द सहज वापरतो. ते कौतुक रास्त आहे. पण ओवी आणि कीर्तन हेच भारतीयत्वाचे प्रमाण मानले, तर ज्यांच्या वाट्याला ग्रांथिक परंपरा कधी आलीच नाही, अशा ख्रिस्ती कुटुंबांचे भारतीयत्व कोणत्या मापाने मोजावयाचे? चीनचा अभ्यास आपणास हा प्रश्न परत आणून देतो. माणसाच्या श्रद्धेला तिच्या देशीपणाचा दाखला मागण्यापूर्वी तो दाखला देण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो त्याला कोणी दिला, याची चौकशी करणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे.